किती लांब आहे ते जहाज?

मागच्या अंकात दीपगृहाची उंची आणि सेक्स्टंट (कोन मोजायचं यंत्र) यांच्या जोरावर किनाऱ्यापासूनचं अंतर कसं काढतात ते लिहिलं होतं. त्यावर जी पत्रं आली त्यातली बरीचशी पाणबुडीच्या संगणकी खेळांबद्दलची आहेत. 'सायलेंट हंटर', 'यूबोट' असले खेळ गोव्यात इतक्या आवडीने, आणि तेही सगळी गणितं हाताने करून खेळले जातात हे वाचून फार बरं वाटलं. मी मर्चंट नेव्हीतून चीफ ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. पाणबुडीवर कधी नव्हतो, पण डोळ्याने कोन मोजून अंतर काढणं हा आम्हा तारवटींचा, म्हणजे दर्यावर्दींचा, रोजचा व्यवहार. आता चिखलीच्या घरी संध्याकाळी मी स्वतः हे खेळ खेळतो. म्हणून यावेळचं सगळं सदर याच विषयाला.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे. 'सायलेंट हंटर ३'मध्ये आपोआप निशाणा धरण्याची सोय बंद करून मी सगळं हाताने करतो. ओळखपुस्तिकेत त्या मालवाहू जहाजाच्या डोलकाठीची उंची २४ मीटर दिली होती. जहाज माझ्यासमोरून आडवं जात होतं. पहिल्यांदा अंतर १४०० मीटर आलं, दोन मिनिटांनी मोजलं तर २१००. समुद्राला लाटा होत्या. माझा हात हलतो की सूत्र चुकतंय? — विद्यार्थी, फोंडा

सूत्र बरोबर आहे आणि हातही ठीक आहे. तू आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेस हे फार चांगलं केलंस, त्यामुळे घोटाळा कुठे आहे ते इथे बसून शोधता येतं.

आधी जहाज खरोखरच तेवढं लांब गेलं असेल का ते पाहू. ८ नॉटने चालणारं जहाज सेकंदाला चार मीटरहून थोडं जास्त जातं, म्हणजे दोन मिनिटांत जेमतेम ५०० मीटर. तुझ्याकडे पाठ करून सरळ पळालं असतं तरी ७०० मीटरचा फरक पडला नसता, आणि तुझ्या म्हणण्याप्रमाणे ते आडवं जात होतं. तेव्हा फरक मोजण्यातला आहे.

आता सूत्राकडे वळू. एक मीटर उंचीची वस्तू एक अंशाच्या कोनात दिसली तर ती ५७.३ मीटरवर असते. म्हणून उंचीला ५७.३ ने गुणायचं आणि दिसलेल्या अंशांनी भागायचं. २४ मीटरच्या डोलकाठीसाठी गुणाकार होतो १३७५. उत्तर १४०० यायला कोन ०.९८ अंश हवा, २१०० यायला ०.६५ अंश. म्हणजे दुसऱ्या वेळी डोलकाठी पहिल्यापेक्षा एक तृतीयांशाने बुटकी दिसली. चोवीसातले आठ मीटर गेले कुठे? हात थरथरून एवढं जात नाही. दुसऱ्या वेळी तू मोजलंस १६ मीटर उंचीचं काहीतरी आणि गुणलंस मात्र २४ ने.

असं दोन तऱ्हांनी होतं. राखाडी आभाळावर डोलकाठीचा वरचा निमुळता भाग विरून जातो आणि नजर जाडसर भागावर किंवा धुराड्याच्या टोकावर थांबते. नाहीतर खालच्या बाजूला जहाजाची पाणरेषा लाटेआड जाते आणि आपण लाटेच्या माथ्यालाच पाणरेषा समजतो. तुझ्या बाबतीत दोन्ही थोडंथोडं झालं असावं. खेळातल्या दुहेरी प्रतिमेच्या यंत्रात दुसऱ्या प्रतिमेची पाणरेषा पहिल्या प्रतिमेच्या डोलकाठीच्या टोकाला टेकवायची असते. ही दोन्ही ठिकाणं स्वच्छ दिसल्याशिवाय बटण दाबायचंच नाही, थांबायचं.

आता एक गोष्ट लक्षात ठेव, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. लाट पाणरेषा झाकते तेव्हा कोन लहान होतो. जहाज डोलून डोलकाठी कलते तेव्हाही कोन लहानच होतो. टोक धुक्यात विरलं तरी लहानच. लाटा असताना होणाऱ्या या सगळ्या चुका एकाच दिशेने जातात : कोन कमी, अंतर जास्त. म्हणून खवळलेल्या समुद्रात चार-पाच वेळा मोजून सरासरी काढू नकोस. सरासरीने सगळ्या चुका उत्तरात राहतात. त्या चार-पाचांत कोन ज्यात सर्वांत मोठा आला तो आकडा घे. अंतर आलं की पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारायचा : हे चुकलेलं असेल तर कुठल्या बाजूला?

चूक किती मोठी असेल तेही पाहून ठेव. हीच डोलकाठी १००० मीटरवर १.३७ अंशाची दिसते. मोजताना अंशाचा दहावा भाग इकडेतिकडे झाला तर उत्तर ९३० ते १०८० मध्ये येतं. काम चालतं. ३००० मीटरवर ती ०.४६ अंशाची होते, आणि तेवढ्याच चुकीत उत्तर २४५० ते ३८०० असं कुठेही जातं. लांबून काढलेलं अंतर म्हणजे अंदाजच. त्यावर पाणबुडीचा मार्ग ठरव, टॉर्पेडो सोडू नकोस. जवळ आल्यावर पुन्हा मोज.

पेरिस्कोपवरच्या रेघांवरून मोजत असशील तर आणखी एक. त्या काळच्या जर्मन आणि अमेरिकी पेरिस्कोपमध्ये वस्तू दीडपट किंवा सहापट मोठी दाखवणारी दोनच मापं होती, खेळातही तीच ठेवलीत. दीडपटीवर मोजून सहापटीचं सूत्र लावलं की उत्तर चौपट चुकतं. शिवाय तुझ्या पडद्यावर एका रेघेला किती अंश ते दुसऱ्याच्या तक्त्यावरून घेऊ नकोस, कारण खेळात फेरफार करणाऱ्या निरनिराळ्या मॉड्समध्ये रेघा वेगळ्या असतात. सरावाच्या मोहिमेत नकाशावरच्या पट्टीने एका जहाजाचं अंतर मोज, त्याच क्षणी पेरिस्कोपमध्ये ते किती रेघा भरतं ते बघ. अंतर गुणिले रेघा भागिले उंची, हा तुझ्या पेरिस्कोपचा स्थिरांक. १००० मीटरवर २४ मीटरची काठी २२ रेघा भरत असेल तर तो ९१७. यापुढे उंचीला ९१७ ने गुण, रेघांनी भाग. दोन-तीन जहाजांवर तपासून तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

प्रश्न : खेळात प्रत्येक जहाजाची उंची ठरलेली असते. खऱ्या जहाजात माल भरला की ते खाली बसतं. मग पुस्तिकेतल्या उंचीवर विसंबून प्रत्यक्षात कोणी अंतर काढत असेल का? — वाचक, वास्को

तुम्ही वास्कोचे, तेव्हा याचं उत्तर तुम्ही मुरगाव बंदरात पाहिलेलं आहे. खनिज न्यायला आलेलं रिकामं जहाज नांगरावर उभं असतं तेव्हा त्याच्या पोटाचा लाल रंग केवढा रुंद पट्टा धरून दिसतो! सुकाणूचा आणि पंख्याचा वरचा भागसुद्धा कधीकधी पाण्याबाहेर असतो. बार्जेस येऊन माल ओतत राहतात तसतसा तो पट्टा आत जातो. पनामाक्स, म्हणजे पनामा कालव्यात जेमतेम मावेल अशा, आकाराच्या जहाजात रिकामं आणि भरलेलं यांत सहज सात मीटरचा फरक पडतो. नाळेवर (जहाजाच्या पुढच्या टोकावर) आणि मागे लिहिलेले डुबावाचे, म्हणजे जहाज पाण्यात किती खोल बसलंय त्याचे, आकडे वाचायला मी होडीतून जहाजाला फेरी मारत असे. लाट वर आली की आकडा झाकायचा, खाली गेली की उघडा पडायचा, आणि दोन्हींच्या मधला खरा आकडा ठरवायला डोळा तिथे बराच वेळ लावून ठेवावा लागे.

आता समजा पुस्तिकेत भरलेल्या जहाजाची उंची ४० मीटर आहे आणि समोर तेच जहाज रिकामं, म्हणजे ४७ मीटर उंच, ३००० मीटरवर आहे. तुम्ही ४० धरून काढलेलं अंतर येईल २५५० च्या आसपास. लाटेमुळे होणारी चूक अंतर वाढवते, ही चूक ते कमी करते. म्हणून खऱ्या पाणबुड्यांवर जहाजाचा डुबाव किती दिसतो याकडे लक्ष ठेवत.

जहाजवालेही गप्प बसले नव्हते. पहिल्या महायुद्धात डोलकाठ्या आखूड करण्याचे प्रकार झाले. १९१७ साली ब्रिटिश चित्रकार नॉर्मन विल्किन्सन यांनी जहाजांवर काळे-पांढरे-निळे तिरपे पट्टे रंगवण्याची कल्पना मांडली. जहाज लपावं हा त्यामागचा हेतू नव्हता. ते कुठल्या दिशेला चाललंय याचा पेरिस्कोपमधल्या डोळ्याला चकवा बसावा, हा होता. अंतरापेक्षा दिशा चुकवण्यावर त्यांनी भर का दिला, ते पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : मी अंतर अगदी बरोबर काढतो. नकाशावर तपासलं, १००० मीटरला वीस-पंचवीस मीटरचा फरक. तरी टॉर्पेडो जहाजाच्या पुढून नाहीतर मागून जातात. आणखी किती अचूक मोजायचं? — वाचक, मडगाव

अंतर आणखी अचूक करू नका, ते पुरे झालं. तुमचा टॉर्पेडो वेगाच्या अंदाजामुळे चुकतोय.

हिशेब असा. जर्मन विजेरी टॉर्पेडो ३० नॉटने जातो, म्हणजे १००० मीटरला ६५ सेकंद. तेवढ्यात ८ नॉटचं जहाज सुमारे २६७ मीटर पुढे सरकतं. तुम्ही वेग ८ ऐवजी १० धरलात तर ६७ मीटर पुढे नेम धरलात. १२० मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर नेम असेल, तर मध्यापासून नाळ ६० मीटरवर. टॉर्पेडो नाळेपुढून गेला. वेगात दोन नॉटची चूक, अंतर शंभर टक्के बरोबर, आणि हाती काही नाही.

आता हेच उलट करून पाहा. पाणबुडी जहाजाच्या मार्गाला काटकोनात उभी करा, नाळ त्या मार्गाकडे. टॉर्पेडो सरळ पुढे जाईल, वळणार नाही अशा बेताने सोडायचा आहे. जहाज ८ नॉट, टॉर्पेडो ३० नॉट : ज्याचा टॅन (tan) ८ भागिले ३० येतो तो कोन १५ अंश. जहाज तुमच्या नाळेपासून १५ अंशांवर आलं की सोडा. या कोनात अंतर कुठेच आलेलं नाही, बघा. जहाज ६०० मीटरवर असो की ११००, नेम तोच राहतो, कारण लांब असेल तर टॉर्पेडोला जास्त वेळ लागतो आणि जहाजही त्याच प्रमाणात जास्त सरकतं. टॉर्पेडो जितका जास्त वळवून सोडाल तितकं अंतराचं महत्त्व वाढत जातं. म्हणून हाताने खेळणाऱ्या जुन्या खेळाडूंना ही काटकोनाची रीत इतकी प्रिय आहे.

वेग काढायचा उपाय अंतरापेक्षा सोपा आहे. पेरिस्कोपची उभी रेघ स्थिर धरा, पाणबुडी थांबलेली किंवा अगदी हळू असू द्या. जहाजाची नाळ रेघेला लागली की घड्याळ सुरू, मागचं टोक सुटलं की बंद. लांबी भागिले सेकंद म्हणजे मीटरमधला वेग, त्याला १.९४ ने गुणलं की नॉट. १२० मीटरचं जहाज २९ सेकंदांत गेलं तर ८ नॉट. इथेही अंतर लागत नाही.

राहिली दिशा, म्हणजे जहाजाच्या नाळेशी तुमच्या नजरेच्या रेषेचा कोन. तो नजरेने ओळखायला वर्षं जातात. पण एक युक्ती आहे जी मला या सगळ्या गणितात सर्वांत देखणी वाटते. जहाजाची दिसणारी लांबी आणि दिसणारी उंची, दोन्ही रेघांत मोजा आणि एकीला दुसरीने भागा. अंतर दोन्हींत सारखंच असल्यामुळे भागाकारात ते उडून जातं. १२० मीटर लांब, २४ मीटर उंच जहाज पूर्ण आडवं असेल तर भागाकार ५ येतो. अडीच आला तर जहाज निम्मं आखडलेलं दिसतंय, म्हणजे कोन ३० अंश. भागाकार ४.३ असेल तर ६० अंश. ६० ते ९० च्या दरम्यान लांबी फारशी बदलत नाही, त्यामुळे तिथे ही युक्ती ढिली पडते. तिरप्या जहाजावर मात्र ती छान चालते.

आणि टॉर्पेडो लागला तर घड्याळ वाया घालवू नका. स्फोटापर्यंतचे सेकंद गुणिले १५.४, हे त्याने कापलेलं खरं अंतर. तुमचा अंदाज त्याच्याशेजारी लिहा. कुठल्या बाजूला चुकता ते दहा-बारा नोंदींतच कळायला लागेल.

प्रश्न : धुकं असताना पेरिस्कोपमधून काहीच दिसत नाही. फक्त हायड्रोफोनवर (पाण्यातला आवाज ऐकायच्या यंत्रावर) पंख्यांचा आवाज आणि बेअरिंग, म्हणजे त्याच्या दिशेचा कोन, मिळतं. निव्वळ आवाजाच्या दिशेवरून अंतर निघतं का? — वाचक, पेडणे

निघतं, पण पाणबुडी हलवावी लागते, आणि मधेच वळवावीही लागते.

किनाऱ्यावरच्या खुणेसाठी आम्ही एक सोपी रीत वापरतो. दीपगृह नाळेपासून ४५ अंशांवर आलं की वेळ लिहायची, ९० अंशांवर आलं की पुन्हा लिहायची. मधल्या वेळात जेवढं चाललो तेवढंच ते दीपगृह आता लांब. आग्वादसमोरून जाताना हे किती सहज जमतं! नांगरावर उभ्या जहाजालाही हीच रीत चालते. चालत्या जहाजाला ती लावलीत तर फसाल, कारण तुमच्यासोबत तेही सरकलेलं असतं. जवळचं हळू जहाज आणि लांबचं जलद जहाज यांची बेअरिंग अगदी सारखी बदलू शकतात. एकाच मार्गावर राहून कितीही वेळ ऐकलंत तरी त्या दोघांतला भेद कळत नाही.

त्यासाठी आपला मार्ग बदलायचा. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन एकेलुंड यांच्या नावाने ओळखली जाणारी ही रीत १९५८ सालची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या कप्तानांकडे या रूपात नव्हती. पण खेळात वापरायला कोणाची हरकत?

समजा आवाज उत्तरेकडून येतोय. तुम्ही पूर्वेला, म्हणजे उजवीकडे, ३ नॉटने चालू लागलात. पाच-सहा मिनिटं बेअरिंग लिहीत गेलात तर ते मिनिटाला एक अंश उजवीकडे सरकतंय. मग वळून पश्चिमेला ३ नॉट. आता ते मिनिटाला तीन अंश उजवीकडे सरकू लागलं. तुमच्या वेगातला फरक ६ नॉट, बेअरिंगच्या सरकण्यातला फरक २ अंश. ६ ला १७६९ ने गुणा, २ ने भागा : सुमारे ५३०० मीटर. १७६९ हा आकडा नॉट, मिनिटं आणि अंश यांचा मेळ घालून मीटरमध्ये उत्तर देतो, तो पाठच करा. वर जहाजाचा आडवा वेगही फुकट मिळतो : ५३०० मीटरवर मिनिटाला एक अंश म्हणजे ३ नॉट, त्यात तुमचे ३ मिळवले की ६.

जपायचं कुठे? एक, हायड्रोफोन बेअरिंग देतो ते तुमच्या नाळेपासून. त्यात आपला मार्ग मिळवून खरं बेअरिंग करून घ्या, नाहीतर तुम्ही वळलात की सगळं जग वळल्यासारखं वाटेल आणि आकडे निरर्थक होतील. या रीतीत सगळ्यांत जास्त लोक अडखळतात ते इथेच. दोन, वळत असताना घेतलेली बेअरिंग सोडून द्या. तीन, घाई नको. सरकण्यातला फरक २ ऐवजी दीड किंवा अडीच धरला गेला तर उत्तर ७१०० पासून ४२०० पर्यंत कुठेही जातं. एका मिनिटाच्या नोंदीवर अर्ध्या अंशाची चूक सहज होते, सहा मिनिटांच्या नोंदीवर तीच चूक सहाने भागली जाते. मधल्या काळात जहाजाने मार्ग बदलला तर मात्र सगळं पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नातू तासन्‌तास हा खेळ खेळतो आणि वहीत गणितं करतो. यातलं किती खरं? आणि त्या युद्धाचा आपल्या गोव्याशी काही संबंध होता का? — वाचक, डिचोली

बाई, गणित सगळं खरं आहे. नातू त्रिकोणमितीचा अभ्यासच करतोय, आणि चुकलं तर टॉर्पेडो चुकतो, त्यामुळे उत्तर तपासायची सवयही लागतेय. प्रत्यक्षात मात्र कप्तानांना इतकी सवड क्वचितच मिळे. जर्मन पाणबुड्या रात्री पाण्यावर येऊन हल्ला करत तेव्हा पाणबुडीच्या माथ्यावरच्या उघड्या ब्रिजवरील मोठ्या दुर्बिणीतून दिशा मिळे, अंतर बहुतेक वेळा अनुभवी नजरेने ठरवलं जाई.

गोव्याचा संबंध आहे, आणि तो मुरगाव बंदरातच आहे. १९३९ साली युद्ध सुरू झाल्यावर पोर्तुगाल तटस्थ राहिल्यामुळे एहरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही जर्मन जहाजं आणि अँफोरा हे इटालियन जहाज इथे आसऱ्याला येऊन राहिली. एहरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून मित्रराष्ट्रांच्या जहाजांची बातमी पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना. म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या स्वयंसेवक दलांतली माणसं 'फीबी' नावाच्या बार्जमधून इथवर आली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री एहरेनफेल्सवर चढली. जहाज बुडालं. बाकीच्या जहाजांवरच्या खलाशांनीही त्याच रात्री आपली जहाजं स्वतः पेटवून बुडवली. ही मोहीम कितीतरी वर्षं गुप्त राहिली.

नातवाला हे सांगताना एक जोडून सांगा. जहाज कधी निघालं, कुठे चाललंय, कुठल्या वेगाने, ही बातमी पाणबुडीला आधी मिळाली तर तिचं अर्धं काम झालेलं असतं. डोलकाठी मोजणं हा शेवटच्या अर्ध्या तासाचा भाग. एका बिनतारी यंत्राची एवढी धास्ती ब्रिटिशांनी घेतली ती त्यामुळे.

प्रश्न : माझ्याकडे संगणक नाही. तरी मला हे शिकायचं आहे. शिकता येईल का? — इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, पणजी

नक्की येईल, आणि तुला मांडवी आहे. एक साधी मोजपट्टी घे आणि ५७ सेंटिमीटर लांबीची दोरी. दोरीचं एक टोक पट्टीला बांध, दुसरं डोळ्याखाली गालाला धर, पट्टी समोर ताठ धर. आता पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश, एक मिलिमीटर म्हणजे अंशाचा दहावा भाग. झाला तुझा पेरिस्कोप.

कांपालच्या किंवा मिरामारच्या बाजूला उभी राहा. नदीतून बार्ज जाताना पूर्ण आडवी दिसेल तेव्हा ती पट्टीवर किती मिलिमीटर भरते ते बघ. बार्जची लांबी आधी माहीत करून घ्यायला हवी, धक्क्यावर कोणा खलाशाला विचारलंस तर आनंदाने सांगेल. समजा ७० मीटर निघाली आणि पट्टीवर ती ६५ मिलिमीटर, म्हणजे साडेसहा अंश भरली. ७० गुणिले ५७.३ भागिले ६.५, म्हणजे सुमारे ६१७ मीटर. लगेच आईबाबांच्या फोनवरच्या नकाशात तू उभी आहेस तिथपासून बार्ज होती तिथपर्यंतचं अंतर मोज. पलीकडच्या काठावरची एखादी खूण बार्जच्या मागे धरून ठेवलीस तर जागा चुकणार नाही. बार्ज थोडी तिरपी असेल तर आखडलेली दिसते, कोन लहान येतो आणि अंतर जास्त निघतं. पट्टी डोळ्याजवळ आली तर कोन तसाच कमी भरतो. दोरी त्यासाठीच आहे, ती सैल पडू देऊ नकोस.

वास्कोकडे गेलीस तर नौदलाच्या जहाजांवर किंवा तळाच्या दिशेने हा सराव करायचा नाही. मालवाहू जहाजं, होड्या, फेरीबोटी भरपूर आहेत.

वहीत चार रकाने कर : काय मोजलं, पट्टीवर किती, गणिताने किती, नकाशावर किती. शेजारी एवढंच लिही की चूक जवळच्या बाजूला आली की लांबच्या. पावसाळ्याआधी एक पान भरलं की त्याची नक्कल मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठव. तुझे आकडे मी याच सदरात सविस्तर तपासीन.